वाचता न येणारा बादशहा



बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा या गावी एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही नुकतेच गेलो होतो. घरातील माउलीने आपल्या दहा वर्षांच्या मुलाची वही आमच्यापुढे ठेवली. वेलांट्या उलट्या, जोडाक्षरे अर्धवट, ‘भ’च्या जागी ‘म’. एकदा ऐकलेली गोष्ट हा मुलगा जशीच्या तशी सांगतो, कांद्याच्या गोण्यांचा हिशेब तोंडी करतो. पण धडा वाचायला उभा राहिला की त्याच्या घशाला कोरड पडते. त्याला शाळेतून काढून शेतात घ्यावे, असे आजोबांचे मत पडले. आपले डोकेच चालत नाही, असे आता तो मुलगाही मानू लागला आहे.

परतीच्या वाटेवर आम्हाला मोगल बादशहा अकबराची आठवण झाली. कड्याहून जवळच असलेल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याला त्याच्या फौजांनी वेढा घातला होता. त्या बलाढ्य बादशहालाही वाचता येत नव्हते.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे झाला. पिता हुमायून त्या वेळी राज्य गमावून वणवण फिरत होता. मात्र हुमायून विद्याप्रेमी होता, ग्रंथांचा संग्राहक होता. मुलगा चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचा झाला तेव्हा ज्योतिषांकडून मुहूर्त काढून त्याच्या विद्यारंभाची तयारी करण्यात आली. मुहूर्ताची घटका आली आणि बाळ सापडेना! तो खेळायला निघून गेला होता.

पुढे एकामागून एक शिक्षक नेमले गेले. पहिल्या शिक्षकाला कबुतरे उडवण्याचा नाद होता, म्हणून त्याला दूर केले. दुसऱ्याकडूनही काही साधले नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकून शिक्षक निवडण्यापर्यंत वेळ आली. दोष दरवेळी शिक्षकाचा किंवा मुलाच्या खेळकरपणाचा मानला गेला. घोडा, शिकार, शस्त्रे यांत मुलगा तरबेज होत होता, काबूलमध्ये नामांकित चित्रकारांकडून चित्रकलाही शिकत होता. अक्षर मात्र वळेना. जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीत आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून पडून हुमायूनचा अंत झाला. पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या त्या पित्याने मुलाला वाचताना कधी पाहिले नाही. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला तेरा वर्षांचा अकबर गादीवर बसला.

येथून या कथेला वळण लागते. मीर अब्दुल लतीफ नावाचे एक सुज्ञ गुरू त्याला लाभले. जे डोळ्यांनी आत जात नव्हते ते कानांनी जाऊ लागले. हाफिज या फारसी कवीची काव्ये अकबराने ऐकून मुखोद्गत केली. पुढे आयुष्यभर हाच त्याचा अभ्यासमार्ग राहिला. दररोज त्याच्यासमोर ग्रंथ वाचले जात. वाचक जेथे थांबे तेथे बादशहा स्वतःच्या हाताने खूण करी आणि वाचलेल्या पानांच्या हिशेबाने वाचकाला मोबदला देई. इतिहास, तत्त्वज्ञान, काव्य असे ग्रंथ त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकले. महाभारताचे फारसीत भाषांतर करविले. हमजानामा या कथाग्रंथासाठी सुमारे १४०० भव्य चित्रे काढून घेतली; त्या चित्रांच्या पाठीमागे मजकूर लिहिलेला असे. म्हणजे एकाने वाचावे आणि दुसऱ्याने चित्र पाहत ऐकावे. त्याच्या मृत्यूसमयी ग्रंथालयात सुमारे २४,००० हस्तलिखिते होती.

आपल्या धर्मसभेच्या इतिहासातही या बादशहाला स्थान आहे. त्याच्या निमंत्रणावरून १५७९ साली गोव्याहून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू फेब्रुवारी १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला पोहोचले. फादर रुडोल्फ अक्वाविवा त्यांचे प्रमुख होते. त्यांनी अनेक भाषांत छापलेले बायबलचे खंड बादशहाला अर्पण केले. अकबराने प्रत्येक खंडाचे चुंबन घेऊन तो मस्तकी लावला, शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे ते विचारून घेतले आणि तो खंड हृदयाशी धरला. त्यातील एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हते! आपला पुत्र मुराद याला शिकवण्याचे काम त्याने फादर मोन्सेरात यांच्याकडे सोपवले. फादर अक्वाविवा १५८३ साली गोव्यातील कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले. पुढे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातील फादर जेरोम झेवियर यांनी फारसीत लिहिलेले प्रभू येशूचे चरित्र १६०२ साली बादशहाला दिले, तेही त्याने वाचवून घेतले.

अकबर काही संत नव्हता. १५६८ साली चितोड जिंकल्यावर त्याच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली. आपल्या भागानेही त्याच्या फौजांची झळ सोसली. १५९५ साली अहमदनगरला वेढा घालणाऱ्या सैन्याचा सेनापती हाच मुराद होता. चांदबिबीने तो हल्ला परतवला, पण १६०० साली किल्ला मोगलांच्या हाती गेला. १६०५ साली अकबराचे निधन झाले. आम्ही त्याचे चरित्र सांगतो ते त्याच्या शिकण्याच्या रीतीसाठी.

जहांगीरच्या नोंदीनुसार अकबराच्या हस्ताक्षरातील एक शब्द एका जुन्या हस्तलिखितावर उरला आहे. तो एका महिन्याचे नाव आहे आणि त्याची अक्षरे एखाद्या लहान मुलाने गिरवल्यासारखी आहेत. अकबराला डिस्लेक्सिया असावा, असे काही अभ्यासक मानतात; काही जण मात्र धावपळीच्या बालपणाला कारण समजतात. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ साली एका जर्मन नेत्रवैद्याने रूढ केला. या अवस्थेत डोळे अधू नसतात की बुद्धी मंद नसते. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, म्हणून वाचन अडखळते, शुद्धलेखन बिघडते. ही अवस्था घराण्यात चालत येऊ शकते. मारून, ओरडून ती जात नाही; ध्वनी आणि अक्षर यांची जोडी सावकाश, पुन्हा पुन्हा, पायरीपायरीने शिकवल्यास मूल पुढे जाते.

अकबराजवळ वाचक ठेवण्यासाठी खजिना होता, कड्याच्या मुलाजवळ तो नाही. पण त्याच्याजवळ कायदा आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. शासनमान्य रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सोयी मिळू शकतात. आम्ही त्या माउलीला हेच सांगितले, आणि आजोबांना विनंती केली की रोज संध्याकाळी घरातील कोणीतरी धडा मोठ्याने वाचावा व मुलाने ऐकून तो परत सांगावा.

येथे एक कबुली देणे आम्हाला भाग आहे. आम्ही स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलांना वाचायला उभे केले आहे, अडखळताच पुढच्या मुलाकडे वळलो आहोत. खाली बसलेल्या त्या मुलांचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. आपल्या धर्मग्रामात असे मूल असेल तर त्याच्याकडून शुभवर्तमान वाचून घेण्याचा हट्ट धरू नका. आधी त्याला ते ऐकवा. प्रभू येशूने आपले दाखले जमावाला तोंडीच सांगितले, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही ते हृदयात साठवले.