होस्टेलचे साने गुरुजी

साने गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई' आणि डोळ्यांतलं पाणी एवढंच आपल्याला आठवतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझी त्यांच्याशी ओळख तशी उशिराच झाली. पण मी सावद्याची. आमच्या केळीच्या पट्ट्यात गुरुजींचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. फैजपूर आमच्यापासून अगदी जवळ, आणि अमळनेर आमच्याच जिल्ह्यात. या अमळनेरला गुरुजी सहा वर्षं शिक्षक होते आणि होस्टेलही सांभाळत होते. आपण सगळे होस्टेलवाले, म्हणून मला त्यांची तीच वर्षं सांगायची आहेत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं एकेकाळी खाऊनपिऊन सुखी, पण पुढे गरिबी आली. दापोली, औंध, पुणे असं मिळेल तिथे राहून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी शिक्षण केलं. १९१७ मध्ये आई गेली. ते दुःख त्यांना जन्मभर पुरलं.

शिक्षण झाल्यावर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. पुस्तकं होती, शांतता होती, पण तिथे त्यांचं मन रमलं नाही. जून १९२४ मध्ये ते तिथल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेव्हा त्यांचं वय होतं २४. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे! आपल्याकडे एवढ्या वयाचे सर नवीन लागले की मागचे बेंच त्यांची काय हालत करतात ते आपल्याला माहीत आहेच. त्यात हे स्वभावाने लाजरे आणि पटकन डोळे भरून येणारे.

पुढे त्यांच्याकडे छात्रालय आलं. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, बरीचशी गरिबाघरची, पहिल्यांदाच आईला सोडून राहणारी. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी दमून आल्यावर या सगळ्यांची काळजी. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल टाइम लेक्चरर आणि फुल टाइम रेक्टर, दोन्ही एकाच माणसाने.

इथे गुरुजींनी जे केलं त्याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. मुलं ऐकत नाहीत म्हणून त्यांनी नियमांचा बोर्ड मोठा केला नाही. कोणाची खोली घाण दिसली तर स्वतः झाडून ठेवली. कोणी कपडे भिजवून तसेच टाकून गेला तर ते धुऊन वाळत घातले. कंदिलाच्या काचा पुसल्या. कोणी आजारी पडला तर उशाशी बसून रात्र काढली. फी नसेल तर आपल्या पगारातून भरली. एक शब्द न बोलता! आता विचार करा, तुमच्या बादलीतले कपडे सरांनी धुतले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही बादली तशीच ठेवाल का? त्या मुलांनीही ठेवली नाही. ती आपली कामं आपण करायला लागली.

त्याशिवाय ते मुलांसाठी छात्रालयाचं दैनिक काढायचे. छापलेलं नाही, हाताने लिहिलेलं. त्यात देशाच्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, होस्टेलमधलंच काही चांगलं-वाईट. रोज! आपलं हे मॅगझिन वर्षातून एकदा निघतं आणि तरी एडिटर लोकांची झोप उडते. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही चालवलं.

मग हा माणूस थकत नव्हता का? थकत असणारच. पण मला असं वाटतं की शिक्षकाला दमवतं ते नुसतं काम नाही. समोर साठ चेहरे आहेत आणि एकही आपला नाही, हे जास्त दमवतं. गुरुजींनी मुलांपासून लांब जाऊन विश्रांती शोधली नाही. ते मुलांच्या आणखी जवळ गेले, आणि मुलांच्या प्रेमातूनच त्यांना दुसऱ्या दिवसाचं बळ मिळत राहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते स्वतः पुन्हा पुन्हा विद्यार्थी झाले. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या कैद्यांच्या संगतीत राहिले आणि त्यांनी तमिळ 'कुरल' मराठीत आणलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा गुरुजी समोर बसून नोट्स घेत होते. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्यांनी टिपून ठेवली म्हणून. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. दिवसभराची कामं आटोपल्यावर मुलं भोवती बसली आहेत आणि श्याम गोष्ट सांगतोय. वर्ग सुटला, होस्टेल सुटलं, पण त्यांच्या डोक्यातली मुलं काही उठून गेली नव्हती.

डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यासाठी गुरुजी खानदेशातली गावं पालथी घालत हिंडले. नंतर शेतकरी, गिरणी कामगार यांच्यासाठी झगडले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं आणि ते दार उघडलं. गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. अनेक लेखांत ती गाळतात. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय फक्त ५०. कारणं काय होती यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय, मी त्यावर काय बोलणार? पण एक गोष्ट मनातून जात नाही. ज्याने इतक्या मुलांच्या उशाशी रात्री काढल्या, त्याच्या मनातला अंधार वेळेवर कोणाला दिसला नसेल का? भोवती प्रेम करणारी माणसं नव्हती असं नाही, पुष्कळ होती. तरीही देणारा माणूस आतून रिकामा होऊ शकतो. तो मागत नाही, म्हणून त्याला काही लागत नाही असं आपण धरून चालतो.

म्हणून गुरुजींचं चरित्र मला फक्त शिक्षकांनी वाचायचं वाटत नाही. सगळ्याच सरांनी आपले कपडे धुवावेत अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि कोणत्याही माणसाने स्वतःला इतकं जाळूही नये. पण नातं दोन्ही बाजूंनी असतं. सबमिशनच्या आठवड्यात शंभर जर्नल्स तपासून सरांचे डोळे लाल झालेले आपल्याला दिसतात. रात्री दोनला कोणाला ताप आला की रेक्टर मॅडम उठून येतात, आणि सकाळी आठला त्यांचंच लेक्चर असतं. त्या दिवशी निदान अटेंडन्स देऊन मागच्या दाराने सटकू नका. प्रॅक्टिकल संपल्यावर दोन मिनिटं थांबा आणि विचारा, "सर, दमलात का? चहा घेणार?"

उत्तर बहुतेक 'नाही' असंच येईल. तरी विचारा.