दुसऱ्यास उभे करणारे संत : श्री तुकाराम महाराज

जीर्णोद्धार समितीने स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत असा आग्रह केला. मी तहसील कचेरीतील साधा कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. फेरफार आणि वाटपाची प्रकरणे यांखेरीज फारसे लिहिलेले नाही. तथापि ज्या महापुरुषाने आपल्या हातांनी एका पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला, त्याचे चरित्र या स्मरणिकेत असावे असे वाटले. चूकभूल झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावी.

तुकोबारायांचा जन्म 1608 साली देहू येथे मोरे घराण्यात झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी पेठेची महाजनकी, वाण्याचा धंदा, शेती व सावकारी होती, आणि पूर्वज विश्वंभरबुवांनी स्थापन केलेले विठ्ठलाचे देऊळही होते. थोरले बंधू सावजी विरक्त असल्याने लहान वयातच प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. पुढे आईवडील निवर्तले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच 1629-30 चा भीषण दुष्काळ पडला. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, धंदा बुडाला. ज्याच्याकडे लोक कर्ज मागावयास येत, त्याचीच पत बाजारात राहिली नाही.

तेव्हा तुकोबा घर सोडून भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. आज चाकणची औद्योगिक वसाहत या डोंगराजवळपर्यंत पोहोचली आहे, पण त्या काळी तेथे दाट रान होते. धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत तेथे आले. पुढे जे घडले ते माझ्यासारख्या कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्याला फार महत्त्वाचे वाटते.

लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. तुकोबांनी ती मागविली. सर्व खते इंद्रायणीत बुडविली असे पुष्कळजण सांगतात, पण चरित्रकार तसे सांगत नाहीत. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचा वाटा डोहात सोडला. भावाने संसार करावयाचा होता, त्याच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार आपणास नाही हे त्यांनी जाणले. आपल्या पट्ट्यात भूसंपादनाचे पैसे आले तेव्हापासून सख्खे भाऊ कचेरीच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले मी रोज पाहतो. त्यांना पाहिले की ही वाटणी आठवते. ज्या कुळांची खते बुडाली, त्यांचीही त्या दुष्काळात काय अवस्था असेल! त्यांच्या डोक्यावरचा बोजा कोणत्याही अर्जावाचून उतरला.

त्यानंतर तुकोबांनी विश्वंभरबुवांचे मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करावयास घेतले. गाठीस पैसा नव्हता, म्हणून अंगमेहनत केली, माती कालविली, भिंती उभारल्या. आपल्या समितीच्या देणगीदारांच्या यादीत ज्यांनी रोख रक्कम न देता श्रमदान केले त्यांचीही नावे आहेत, हे मला म्हणूनच योग्य वाटते.

येथे जिजाबाईंविषयी एक शब्द लिहितो. त्यांना कजाग म्हणण्याची लोकांना सवय आहे. घरात दाणा नसता मुले वाढविणारी आणि भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढणारी ती माउली होती, एवढे ध्यानात ठेवावे.

तुकोबांनी द्रव्य सोडले, पण माणसे जोडली. चाकणचे संताजी जगनाडे तेलघाण्याचा धंदा करीत. तुकोबांचे कीर्तन ऐकून ते त्यांच्यामागे आले असे सांगतात. तुकोबांनी त्यांना टाळकरी तर केलेच, शिवाय त्यांच्या हाती लेखणी आली. घाण्यावर राबणाऱ्या त्या हातांनी अभंग उतरून घेतले. संताजींच्या वह्यांवरून पुढे वि. ल. भावे यांनी गाथा छापली. 2009 साली भारत सरकारने संताजी महाराजांचे टपाल तिकीट काढले.

बहिणाबाई ही ब्राह्मणाची लेक, जन्म 1628 चा. कोल्हापुरात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि न पाहिलेल्या या शूद्र गुरूचा तिला ध्यास लागला. पती संतापला, पुढे तोच तिला घेऊन देहूस आला. तेथे मंबाजीने या कुटुंबास पुष्कळ छळले. परंतु बहिणाबाई डगमगल्या नाहीत, आणि त्यांनी आपले आत्मचरित्रच अभंगांत लिहून ठेवले. त्या काळी एका स्त्रीने असे लिहावे यात गुरूच्या आधाराचा वाटा किती मोठा असेल!

वाघोलीच्या रामेश्वरभटांनी तर वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी उपाशी बसले व वह्या कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे. नंतर रामेश्वरभट पश्चात्तापाने शरण आले. तुकोबांनी त्यांना जवळ केले. काकड्याला आपण तुकोबांची जी आरती म्हणतो, ती याच रामेश्वरभटांची.

फाल्गुन वद्य द्वितीयेस, शके 1571 मध्ये तुकोबांचे प्रयाण झाले. देहूहून पालखीची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली सुरू केली.

संताजी त्यांच्यामागे बरीच वर्षे राहिले. दोघांनी एकमेकांस वचन दिले होते की, जो मागे राहील त्याने दुसऱ्यास मूठमाती द्यावी. सुदुंबऱ्यास संताजींचा देह ठेवला तेव्हा कितीही माती लोटली तरी मुख झाकेना. अखेर तुकोबा स्वतः आले, मूठभर माती टाकली, आणि मग मुख झाकले गेले, असे तिकडील जुनी माणसे सांगतात. ती समाधी सुदुंबऱ्यास आहे.