न्यायी आरिस्टायडीज व त्याचा हिशेब

प्राचीन ग्रीस देशांतील अथेन्स हें नगर लोकसत्तेविषयीं प्रसिद्ध आहे. तेथील नागरिक आपले अनेक अधिकारी मतानें निवडीत, आणि निवडलेल्यांकडून हिशेबही मागत. मुदत संपली म्हणजे अधिकाऱ्यास आपल्या हातून गेलेल्या सार्वजनिक पैशाचा झाडा द्यावा लागे, व त्या वेळीं त्याजवर आरोप करण्याची नागरिकांस मोकळीक असे. ह्याच नगरांत इ. स. पूर्वीच्या पांचव्या शतकांत आरिस्टायडीज हा पुरुष प्रसिद्धीस आला. लोकांनीं त्यास ‘न्यायी’ ही पदवी दिली होती. अशा मनुष्यावरही सरकारी पैसा खाल्ल्याचा आरोप आला, व त्यांत तो दोषीही ठरला, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. ही हकीकत प्लूटार्क ह्या चरित्रकारानें त्याच्या मागून साडेपांचशेंहून अधिक वर्षांनीं लिहून ठेविली आहे. तीच आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

आरिस्टायडीज हा लायसिमॅकस याचा पुत्र. इ. स. पूर्व ४९० मध्यें इराणी फौज मॅरेथॉनच्या मैदानावर उतरली, तेव्हां अथेन्सच्या दहा सेनापतींपैकीं तो एक होता. सेनापतींनीं पाळीपाळीनें एकेक दिवस हुकमत चालवावी अशी रीत होती. त्यानें आपली पाळी अधिक अनुभवी अशा मिल्टायडीजच्या स्वाधीन केली. जय मिळाल्यावर बाकीचें सैन्य नगराच्या रक्षणासाठीं त्वरेनें परतलें, आणि कैदी व लूट सांभाळण्यास आरिस्टायडीज मागें राहिला. सोन्यारुप्याचे ढीग पडले होते. त्यानें त्यांस स्वतः स्पर्श केला नाहीं, व होतां होईल तों इतरांसही करूं दिला नाहीं.

पुढें सार्वजनिक जमाखर्चावर देखरेख ठेवण्यासाठीं लोकांनीं त्यास निवडलें. त्यानें दप्तरें तपासून अनेक अधिकाऱ्यांनीं, विशेषतः थेमिस्टोक्लीज ह्या पुढाऱ्यानें, केलेली अफरातफर उघडकीस आणिली. थेमिस्टोक्लीजनें ह्याचें उट्टें हिशेबाच्या दिवशीं काढलें. पुष्कळांस हाताशीं धरून त्यानें आरिस्टायडीजवर चोरीचा आळ घेतला, आणि तो दोषी ठरून त्यास दंड झाला. परंतु नगरांतील भले लोक खवळले. दंड माफ झाला व त्याच जागीं त्याची पुन्हां नेमणूक झाली.

दुसऱ्या खेपेस त्यानें निराळीच वागणूक धरली. आपला पूर्वीचा कडकपणा चुकला असें भासवून तो तपासणींत ढिलाई करूं लागला. खाणारांनीं मनसोक्त खाल्लें. आणि तेच त्याची स्तुति करीत, ह्यासच पुन्हां निवडा, अशी लोकांची मनधरणी करीत फिरूं लागले. मत देण्याची वेळ आली तेव्हां त्यानें भर सभेंत लोकांची कानउघाडणी केली. प्रामाणिकपणें काम केलें तेव्हां आपणांस शिक्षा झाली, आणि चोरांकडे डोळेझांक केली तेव्हां मान मिळत आहे. म्हणून पूर्वीच्या दंडापेक्षां आजच्या मानाचीच आपणांस अधिक लाज वाटते, असें सांगून त्यानें सर्व चोऱ्या चव्हाट्यावर मांडल्या. लोकांचा पैसा पणास लावून असा धडा शिकविणें योग्य होतें काय, हा प्रश्न आमच्या मनांत येतो. पण धडा खोटा होता असें म्हणवत नाहीं.

इ. स. पूर्व ४८२ च्या सुमारास थेमिस्टोक्लीजशीं त्याचें वैर विकोपास गेलें. खापराच्या तुकड्यांवर नांव लिहून एखाद्या पुढाऱ्यास दहा वर्षें हद्दपार करण्याची चाल अथेन्समध्यें होती. तींत आरोप नाहीं, पुरावा नाहीं, बचावही नाहीं. त्या दिवशीं एका निरक्षर खेडुतानें आरिस्टायडीजला न ओळखतां आपली खापरी त्याच्याच हातीं दिली, व तीवर आरिस्टायडीजचें नांव लिहून मागितलें. कारण विचारतां, त्यानें आपलें कांहीं वाईट केलें नाहीं, पण जो तो त्यास न्यायी म्हणतो हें ऐकून कंटाळा आला, असें तो म्हणाला. आरिस्टायडीजनें निमूटपणें नांव लिहून दिलें.

इ. स. पूर्व ४८० मध्यें पुन्हां इराणी स्वारी आली, तेव्हां त्यास परत बोलाविण्यांत आलें. आणि सॅलॅमिसच्या आरमारी लढाईंत त्यानें वैर विसरून थेमिस्टोक्लीजलाच साह्य केलें. नंतर ग्रीक नगरांनीं संघ स्थापिला, तेव्हां प्रत्येकानें किती वर्गणी द्यावी हें ठरविण्याचें काम त्याजकडे आलें. एकंदर आकारणी ४६० टॅलंट झाली, व ती नगरांस मान्य झाली. एवढा पैसा हातीं येऊनही तो इतका गरीब मेला कीं, मुलींच्या लग्नांचा खर्च सरकारी तिजोरींतून करावा लागला, असें प्लूटार्क सांगतो. ह्या दारिद्र्याविषयीं प्राचीन काळींही कोणी शंका घेतली होती. परंतु त्याच्या नांवाचा लौकिक टिकला.

वर्गाच्या निधीसाठीं निवडलेल्या मुलास कोणी जमाखर्च विचारला, तर तो विचारणारावरच रुसतो, हें आम्ही अनेकदां पाहतों. आरिस्टायडीजवर खोटा आळ आला, तरी तो रुसून घरीं बसला नाहीं. त्याच दप्तरापाशीं परत आला. आमचे विद्यार्थीही उद्यां मत देतील, व त्यांतील कांहीं निवडूनही येतील. मत देणारांनीं त्या खेडुताप्रमाणें ऐकीव गोष्टींवर खापरी टाकूं नये, तर हिशेब वाचण्यास शिकावें. आणि निवडून येणारांनीं, कोणी मागण्यापूर्वींच, आपली वही उघडी ठेवावी.