आगरकर आणि आईचा अंगारा

मी हिंगोली जिल्ह्यातला. शाळेत कॉन्व्हेंटची प्रेअर आणि श्रावणात आईबरोबर औंढा नागनाथचं दर्शन, यातच वाढलो. हॉस्टेलवर गोपाळ गणेश आगरकर वाचले आणि डोक्यात प्रश्न सुरू झाले.

१८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब ब्राह्मण घरात त्यांचा जन्म. शिक्षणासाठी ते अकोल्याला गेले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिल, स्पेन्सर वाचले. देवाला पुरावा सापडेना, तेव्हा ते अज्ञेयवादी झाले. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून बुद्धीला पटेल तेच उघडपणे लिहू लागले. चिडलेल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, पण गडी मागे हटला नाही. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता ते गेले. अंत्यविधीपुरते पैसे तेवढे त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले होते.

मला भिडलं ते वेगळंच. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड आगरकर कधी आले नाहीत.

गेल्या सुट्टीत मी आईला सांगून टाकलं, की आता मी देव मानत नाही. ती रडली. निघताना मात्र तिनं नेहमीसारखा अंगारा लावला. हॉस्टेल येईपर्यंत मी तो पुसला नाही.