नाना छत्रे आणि घरातले पंचांग



एकादशी आज की उद्या, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, मुलीचे लग्न गुरूच्या अस्तात येते की काय, हे प्रश्न पुरुषमंडळींपेक्षा आपल्याला अधिक पडतात, कारण उपास आपण करतो आणि सणाचा स्वयंपाकही आपल्यालाच करावा लागतो. पंचांगात छापले आहे त्याप्रमाणे आपण वागतो. परंतु हे छापले कोणी, कशावरून छापले, आणि ते आकाशाशी जुळते की नाही, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका प्राध्यापकांनी हा प्रश्न विचारला आणि त्यापायी मोठा वाद झाला. ते म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून त्यांचे नाव अनेकांच्या कानावर असते, पण त्यांनी आपल्या देवघरापर्यंत येऊन काय केले, हे फारसे सांगितले जात नाही.

नानांचा जन्म 1825 च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले आणि मुंबईस त्यांचे चुलते सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्यांना वाढविले. हे सदाशिवराव म्हणजेच मराठीत इसापनीती आणणारे बापू छत्रे. घरात पुस्तकांचे वातावरण, आणि शाळेत गुरू लाभले ते साक्षात बाळशास्त्री जांभेकर. गणित आणि ज्योतिष यांची गोडी नानांना तिथेच लागली. 1840 मध्ये, म्हणजे आपली मुले मॅट्रिकला बसतात त्या वयात, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. रात्र रात्र जागून दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडे टिपायचे, हेच त्यांचे शिक्षण. मुंबईचे विद्यापीठ निघाले 1857 मध्ये, त्यामुळे पदवी वगैरे त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही.

बाळशास्त्रींविषयी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडून परत आला, तेव्हा प्रायश्चित्त देऊन त्याला पुन्हा जातीत घ्यावे, असे बाळशास्त्रींचे म्हणणे पडले. स्वतः दशग्रंथी घराण्यातले, शास्त्र जाणणारे, तरी त्यांना केवढा त्रास झाला! जातीचा रोष आणि बहिष्कार त्यांना सोसावा लागला. पुढे तीनच वर्षांत, 1846 मध्ये, ऐन चौतिशीत ते वारले. नाना त्या वेळी विशीच्या आसपास होते. गुरूचे हे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नानांचा पुढचा सगळा सावध स्वभाव, शास्त्र्यांशी उघड भांडण टाळून आपले काम नेटाने करीत राहण्याची रीत, यांचे मूळ मला तरी इथेच दिसते.

1851 मध्ये नाना पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवायचे ते काम. पुढे डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. मराठी मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. सूर्यावरच्या डागांचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध आहे काय, याचाही त्यांनी अभ्यास केला. वर्गात ते काय शिकवीत होते? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ग्रहण म्हणजे सावली. आणि ऐकायला समोर कोण? सकाळी संध्या करून, घरी ग्रहणाचे वेध पाळून आलेली पुण्यातली ब्राह्मणांची मुले! ही मुले घरी जाऊन काय बोलत असतील, याची कल्पना आजही आपण करू शकतो. आपलीही मुले विज्ञानाच्या तासाला एक शिकतात आणि घरी आजीचे दुसरे ऐकतात. एक तर शाळा खोटी नाही तर आजी खोटी, असे मुलाला वाटू लागते. काही मुले दोन्ही बाजूंनी ढोंग करायला शिकतात, ते तर सर्वांत वाईट.

नानांनी यातून आपल्यापुरती वाट काढली ती पंचांगाची.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा गणित काही मला सांगता यायचे नाही. परंतु तिथी म्हणजे काय, हे समजायला फार गणित लागत नाही. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एकत्र असतात. मग चंद्र रोज पुढे सरकतो. दोघांत बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी संपली. अशा तीस तिथींचा महिना. म्हणजे तिथी ही कोणी मनाने ठरविलेली वस्तू नव्हे. ती वर आकाशात आहे, आणि पाहणाऱ्याला मोजता येते.

आपल्याकडे त्या काळी पंचांगे होत ती ग्रहलाघव या ग्रंथावरून. हा ग्रंथ कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये रचला. मोठा सोपा आणि उपयोगी ग्रंथ. गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे दोघेही आकाश पाहणारे होते. जुन्या ग्रंथांतले ग्रह दिसत नाहीत तिथे मांडले आहेत, हे पाहून त्यांनी आकडे दुरुस्त केले होते. पण पुढे तीनशे चाळीस वर्षे लोक त्यांचे आकडे घेत राहिले आणि त्यांची पाहण्याची रीत मात्र विसरले. ग्रहांच्या जागा अंशांनी चुकू लागल्या. गुरु-शुक्रांचे उदयास्त पंचांगात एका दिवशी आणि आकाशात दुसऱ्याच दिवशी, अशी गत झाली, आणि मुहूर्त तर त्यांवरच ठरायचे.

तिथीची गंमत आणखी वेगळी आहे. जुन्या गणितात चंद्राची चाल पौर्णिमा-अमावास्येला बरीचशी बरोबर येते. त्यामुळे ग्रहणे साधारण वेळेवर लागत आणि लोकांचा पंचांगावर विश्वास बसे. फरक पडतो तो मधल्या तिथींना. अष्टमी, एकादशी यांची समाप्ती कधीकधी चार-पाच तासांनीसुद्धा चुकलेली असते. ग्रहण सर्वांना दिसते, एकादशी कोणाला दिसत नाही! म्हणून चूक शेकडो वर्षे झाकली गेली, आणि झाकली गेली ती नेमकी उपासाच्या दिवसांत.

नानांनी 1860 मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके नावाचा ग्रंथ छापला. युरोपातली नवी कोष्टके घेऊन ती आपल्या पद्धतीच्या गणिताला लागू करून दिली. मग 1865 पासून, म्हणजे शके 1787 पासून, त्यांच्या गणिताचे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांचा या कामास आश्रय होता, म्हणून त्याला पटवर्धनी पंचांग असे नाव पडले. इंग्रजांच्या दर्यावर्दी लोकांसाठी जे नाविक पंचांग निघते, त्याच्या तोडीचे गणित आता आपल्या एकादशीला मिळाले.

यात नानांनी कोणता उपास सोडायला सांगितला? एकही नाही. कोणती तिथी धरावी, पारणे केव्हा सोडावे, हा निर्णय त्यांनी धर्मशास्त्राकडेच ठेवला. त्यांनी हात घातला तो फक्त गणितात. मला हे फार शहाणपणाचे वाटते. कित्येक सुधारकांना बायकांची व्रते म्हणजे वेडेपणा वाटत असे. नानांनी व्रत करणारीला वेडे ठरविले नाही. व्रत करायचे तर ते खऱ्या दिवशी व्हावे, एवढीच त्यांची खटपट.

तरीही विरोध व्हायचा तो झालाच. शास्त्रीमंडळींचे म्हणणे थोडक्यात असे होते, की धर्मकृत्याला ऋषींच्या ग्रंथांवरून आलेली तिथीच घेतली पाहिजे. ती आकाशात दिसो वा न दिसो. त्यांचा एक नियमही होता. तिथी साठ घटिकांपेक्षा फार तर पाच घटिका वाढते आणि फार तर सहा घटिका घटते. नव्या गणिताने ती सात घटिका वाढते आणि दहा घटिका घटते असे निघाले. मग श्राद्धाचे, व्रताचे जे निर्णय या पाच-सहाच्या हिशेबावर बसविलेले, ते डळमळू लागले. त्यांची भीती अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. एक वीट काढली की दुसरी हलते, हे घर चालविणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. पण गणेश दैवज्ञांनी तरी काय केले होते? त्यांनीही आपल्या काळची वीट काढून नवी बसविली होती. तेव्हा ती चालली आणि नानांची चालेना, याचे कारण एकच दिसते, की नानांची वीट विलायतेहून आली होती.

दुसऱ्या बाजूनेही नानांची सुटका झाली नाही. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले मोठे विद्वान गणिती होते. त्यांचा आग्रह असा, की सुधारायचे तर अर्धवट का? दिवसरात्र सारखी होतात तो खरा वसंतसंपात धरून, सगळे पंचांगच सायन करा. लेल्यांनी वर्तमानपत्रांतून नानांशी पुष्कळ वाद घातला. इकडे शास्त्री म्हणत फार केले, तिकडे लेले म्हणत फार थोडे केले.

आता या कामाचा एक भाग असा, की ज्याची झळ आजही आपल्याला लागते. सूर्याच्या बारा राशी कोठून मोजायला लागायचे? नानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा आरंभ म्हणून घेतला. जुन्या सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे ती काय, असे वाटेल, पण तेराशे वर्षांत त्यांचे तीन दिवस होतात. यामुळे नानांची संक्रांत इतरांच्या आधी आली, आणि संक्रांत सरकली की अधिक महिनाही कधीकधी सरकतो, कारण ज्या चांद्रमहिन्यात संक्रांत होत नाही तो अधिक.

माझे माहेर रत्नागिरीकडचे. तिकडे ही पद्धत मानणारी घरे पुष्कळ आहेत. माहेरी मकरसंक्रांत 10 जानेवारीला, आणि सासरी 14 ला नाही तर 15 ला. लग्न झाल्यावर पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचे कोणत्या दिवशी, यावरून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत चांगलीच चर्चा झाली होती. 2023 मध्ये तर आपल्याकडे अधिक श्रावण होता, म्हणून गणपती 19 सप्टेंबरला बसले, आणि त्या पंचांगाने ते 20 ऑगस्टलाच बसले. एकाच गावात दोन घरांचे गणपती महिन्याच्या अंतराने! बिनचूक गणिताची आवड असलेल्या माणसाच्या हातून असाही घोळ व्हावा, याचे मला नवल वाटते. तिथी चंद्रसूर्यांना विचारून ठरते, पण राशींचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून धरावा, हे आकाश आपण होऊन सांगत नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवावे लागते, आणि ते एकमत नानांना मिळाले नाही.

त्यांना 1877 मध्ये रावबहादूर ही पदवी मिळाली. 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी वारले. पटवर्धनी पंचांग त्यांच्या हयातीत थोड्याच घरांत पोचले होते.

त्यांचे शिष्य टिळक यांनी ते काम टाकले नाही. 1904 मध्ये मुंबईस ज्योतिषांची परिषद भरली, पुढे सांगलीसही भरली. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, याचा टिळकांनी पाठपुरावा केला आणि रेवतीपासून मोजण्याच्या त्या पद्धतीला लोक पुढे टिळक पंचांग म्हणू लागले. नानांचे नाव त्यात मागे पडले. दुसरीकडे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्यावरून आरंभ धरला, आणि तो बहुतेकांना पटला. स्वातंत्र्यानंतर सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 22 मार्च 1957 पासून, म्हणजे शके 1879 च्या 1 चैत्रापासून, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले.

आज महाराष्ट्रात सर्रास चालणाऱ्या पंचांगांत रेवतीचा तारा नाही. पण त्यांतली एकादशी कोणत्या घटकेला संपते, ते आता आकाशाशी जुळणाऱ्या गणिताने काढतात. पाच आणि सहा घटिकांचा नियम तिथे कोणी लावीत नाही, आणि त्यावरून कोणाच्या घरी भांडणही होत नाही. माझ्या माहेरी अजून 10 जानेवारीलाच सुगडे पुजतात.