टिळकांच्या घरची ठेव

आजोबांची आठवण घरात टिकते ती बहुधा एखाद्या वस्तूमुळे. कुणाकडे त्यांची पगडी असते, तर कुणाकडे घड्याळ. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या वारसांना मिळाली ती गीते आणि एक अपुरे काव्य.

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि आप्तस्वकीयांशी असलेले नाते तुटले. पत्नी लक्ष्मीबाईही दुरावल्या. टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात रमले. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर संसार पुन्हा जुळला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही दीक्षा घेतली.

धर्म बदलला, तरी टिळकांच्या कानातले सूर बदलले नाहीत. परक्या चालीवर म्हटलेले भाषांतरित स्तोत्र मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन या घरच्याच वाटेने ख्रिस्तभक्ती गायिली. ज्या संतपरंपरेत ते वाढले, तिचा धागा त्यांनी कधीच सोडला नाही. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

संचय करणे टिळकांच्या स्वभावात नव्हते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध काव्य जेमतेम साडेदहा अध्यायांपर्यंत पोचले होते.

शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी हे काम हाती घेतले. एकीकडे १९३४ पासून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले आणि तऱ्हेवाईक, रागीट, परंतु निर्मळ मनाचे टिळक घरोघरी पोचले. दुसरीकडे त्यांनी ‘ख्रिस्तायना’चे ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या ‘स्मृतिचित्रे’चे साक्षेपी संपादन केले.

आजोबांनी आरंभिलेले आजीने वाढवले, मुलाने पूर्ण केले आणि नातवाने आजीचे लेखन जपले. पगडी वा घड्याळ एकाच वारसाच्या वाट्याला येते. टिळकांची गीते मात्र त्यांच्या घराण्याशी रक्ताचे नाते नसलेल्या असंख्य कुटुंबांच्या ओठी आहेत, आणि तेथेही ती आजी-आजोबांकडून नातवंडांकडे जात आहेत.