खुब्याच्या छायाचित्राचा अर्थ लावणारा शल्यविशारद

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी सहा-सात वर्षांचा मुलगा लंगडू लागला, की आधी पडल्याचा, मुरगळल्याचा संशय घेतला जातो. शंभर वर्षांपूर्वी युरोपातही निराळे नव्हते. तेथे संशय क्षयाचा असे आणि मूल महिनोन् महिने अंथरुणाला खिळवले जाई. हा समज दूर करणाऱ्यांत जर्मन शल्यविशारद गेओर्ग पर्थेस अग्रभागी होते.

१७ जानेवारी १८६९ रोजी मोर्स येथे त्यांचा जन्म झाला. ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या हाताखाली ते बॉन येथे व पुढे लाइपझिगला घडले. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पर्थेस त्यांच्या मागेच लागले. चीनमध्ये लष्करी शल्यविशारद असताना त्यांनी तेथील स्त्रियांच्या बांधलेल्या पायांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. या किरणांनी कर्करोगाची गाठ आक्रसते, हे त्यांनी १९०३ मध्ये दाखवले. १९१० मध्ये ते ट्यूबिंगेनला प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांनी लहान मुलांच्या खुब्याचा हा विकार क्षयाहून वेगळा असल्याचे मांडले. मौज अशी, की बॉस्टनचे लेग आणि फ्रान्सचे काल्व्हे यांनीही तेच चित्र त्याच सुमारास पाहिले. लेग यांना त्यात दुखापत दिसली, काल्व्हे यांना मुडदूस, तर पर्थेस यांना सांध्याची विकृती. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रम यांनी १९०९ मध्ये तो क्षयच मानला होता. मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो चपटा होतो, असे आज मानले जाते. रक्तपुरवठा का खंडित होतो, हे मात्र अद्याप पुरते उलगडलेले नाही.

३ जानेवारी १९२७ रोजी स्वित्झर्लंडमधील अरोसा येथे पर्थेस यांचे निधन झाले. चित्र एक आणि अर्थ अनेक, ही अडचण मात्र संपली नाही. १९७१ मध्ये कॅटरॉल यांनी विकाराचे चार गट पाडले. पण तेच चित्र दोन डॉक्टरांपुढे ठेवले की गट बदलू लागला. शस्त्रक्रिया करायची की वाट पाहायची, हे ठरवताना या गटांचा आधार घेतला जात असल्याने मतभेदाची झळ थेट मुलाला बसत होती. १९९२ मध्ये हेरिंग यांनी गोलाच्या बाहेरील भागाची उंची किती उरली, एवढ्यावरच अ, ब, क असे तीन गट केले. त्यात एकमत अधिक होते. तरीही ब आणि क यांच्या सीमेवरील मुलांसाठी २००४ मध्ये आणखी एक गट जोडावा लागला.